खांद्यावर न उमटलेला वळ

पोर्ट हॅव्हर्टीच्या बेसबॉल मैदानाखाली, खेळाडूंच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात बर्फाचे एक यंत्र होते आणि १९७९ सालच्या उन्हाळ्यात त्या यंत्राशेजारी डोलोरेस मातुशाक उभी असे. यंत्र दर सात मिनिटांनी घसा खाकरून आपल्याच पोटात बर्फाचा एक ढीग टाकी. डोलोरेसने हे घड्याळ लावून पाहिले होते, कारण बोळात पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते. समोरच्या दाराआड पंचवीस पुरुष आंघोळी करत, कोंबडीच्या तंगड्या फस्त करत आणि एकमेकांच्या मातांचा उद्धार करत. आणि दाराबाहेर ‘क्लॅरियन’ या गावच्या दैनिकाची क्रीडावार्ताहर, वय चौतीस, वही उघडून ते बाहेर पडण्याची वाट पाहत असे. रेडिओवाला आत असे. शेजारच्या गावच्या दैनिकाचा बातमीदार आत असे. एकदा तर पत्ता चुकलेला एक गॅसदुरुस्तीवाला आत जाऊन, तंगडी खाऊन, गप्पा मारून बाहेर आला होता.

दारावर चिकटपट्टीने लावलेला एक कागद होता. ‘यजमान आणि पाहुणे, दोन्ही संघांच्या खोल्यांत स्त्रियांना प्रवेश नाही. खेळाडूंच्या शालीनतेचा प्रश्न आहे. – एच. ऑर्कट, मॅनेजर.’ शालीनता हा शब्द हब ऑर्कटला कुणी शिकवला, हे गावाला शेवटपर्यंत कळले नाही. हा गृहस्थ अहोरात्र तंबाखू चघळत असे, आणि पिंक टाकण्याआधी दिशा पाहण्याची त्याची पद्धत नव्हती. आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने असल्या बंदीविरुद्ध निकाल दिला होता, हे खरे. पण तो निकाल एरी सरोवराच्या काठापर्यंत येताना वाटेत टोमॅटोच्या एखाद्या ट्रकखाली सापडला असावा.

कारण गाव टोमॅटोचे होते. ऑगस्ट लागला की डबे भरण्याच्या कारखान्यापुढे ट्रकांची रांग थेट मैदानाच्या भिंतीपर्यंत येई आणि चर्चमधल्या उदबत्तीलाही केचपचा वास येई. संघाचे नावच ‘कॅनर्स’, म्हणजे डबे भरणारे. संघ व्यावसायिक खरा, पण उतरंडीतल्या सर्वांत खालच्या मडक्यातला. वर जाणारे तरुण इथून वर जात आणि वरून घसरलेले प्रौढ इथे येऊन थांबत.

डोलोरेसचे वडील कारखान्याच्या बॉयलरवर होते. रविवारी चर्चहून आले की ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेडिओ ठेवत, चौकटींची वही उघडत आणि सामना चेंडूगणिक उतरवून काढत. मुलगा नव्हता म्हणून की मुलगी गप्प बसत असे म्हणून, त्यांनी सातव्या वर्षीच डोलोरेसला ही विद्या दिली. तिच्यातली एक बाब त्यांना धर्माइतकी महत्त्वाची वाटे. फलंदाज चेंडू मारून पहिल्या तळावर, म्हणजे बेसवर, सुखरूप पोचला, तर ते श्रेय त्याच्या बॅटीचे की समोरच्याच्या गलथानपणाचे? पहिले असेल तर तो ‘फटका’, आणि तो फलंदाजाच्या नावावर लागतो. दुसरे असेल तर ती ‘चूक’, आणि ती क्षेत्ररक्षकाच्या कपाळी लागते. “चेंडू कुणाचा नातेवाईक नसतो, डोलू,” ते म्हणत, “त्यानं केलं तेवढंच लिहायचं.” त्यांच्या आवडत्या खेळाडूचा फटका सात वर्षांच्या डोलोरेसने चूक म्हणून लिहिला, त्या दिवशी ते अर्धा तास बोलले नाहीत, आणि मग त्यांनी तिला स्वतःची पेन्सिल दिली.

पुढे ती ‘क्लॅरियन’मध्ये लागली ती ‘बाग आणि स्वयंपाक’ या पानावर. नऊ वर्षे तिने भोपळ्याच्या वड्या आणि गुलाबावरची कीड यांवर लिहिले. संघाच्या बातम्या एमेट पायल देत असे. सव्वीस वर्षांत एमेट खुर्चीतून उठून खेळाडूंच्या खोलीपर्यंत गेला नव्हता; त्यांची मनोगते तो स्वतःच रचत असे, आणि खेळाडूंनाही ती आवडत, कारण त्यांत ते शुद्ध बोलत. मूतखड्याने एमेटला घरी बसवले, तेव्हा त्या रटाळ संघामागे उन्हात फिरायला दुसरे कुणी तयार होईना. डोलोरेसने हात वर केला. संपादक लायल ब्रँटने इतर हातांची वाट पाहिली आणि नाइलाजाने होकार दिला.

एमेटच्या खुर्चीबरोबर एक अधिकारही आला. गावच्या दैनिकाचा जो वार्ताहर, तोच मैदानाचा अधिकृत गुणलेखक, अशी त्या काळी लीगची रीत होती. फटका की चूक, हे वर काचेच्या खोलीत बसून त्याने ठरवायचे. पटले नाही तर खेळाडूने खुशाल डोके आपटावे. लीगच्या कचेरीतून छापील नेमणूकपत्र आले. म्हणजे या पंचवीस जणांच्या प्रत्येक पराक्रमाचा निवाडा डोलोरेसने करायचा. फक्त त्यांच्या मोज्यांच्या वासापर्यंत तिने पोचायचे नाही.

खेळाडूंनी तिचे स्वागत आपापल्या कुवतीप्रमाणे केले. तिच्या पेनातली शाई काढून त्यात केचप भरले. ‘या बाई, आता आत या’ म्हणून दार उघडले आणि अंगावर बादली ओतली. जूनमध्ये कुणीतरी तिच्या पिशवीत एक वापरलेला लंगोट कोंबला. ती किंचाळत बाहेर पळेल या आशेने अर्धा संघ दाराच्या फटीशी दाटीवाटीने उभा होता. डोलोरेसने लंगोट दोन बोटांनी उचलला, उलटसुलट पाहिला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या ‘क्लॅरियन’मध्ये ‘हरवले-सापडले’ या सदरात चार ओळी आल्या: ‘सापडला. लंगोट, एक. धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. माप सर्वांत लहान. मालकाने ओळख पटवून न्यावा.’ मालक कधीच आला नाही. संघातल्या प्रत्येकाने मात्र पुढचा आठवडाभर, कुणी विचारलेले नसताना, तो आपला नसल्याचे जाहीर केले.

हे सगळे तिला सोसत असे. सोसत नसे ते घड्याळ. खेळाडू मुद्दाम रेंगाळून बाहेर येत, आणि तोवर इतर बातमीदार त्यांची मनोगते घेऊन निघून गेलेले असत. ऑगस्टच्या मध्याला लायल ब्रँटने तिला बोलावले.

“डोलोरेस, चेंडू कुठे गेला ते तू छान लिहितेस. पण लोकांना तो मारणारा काय म्हणाला ते हवं असतं. रेडिओवर ते ऐकतात आणि मला विचारतात, तुमच्या बाई तेव्हा कुठे होत्या?”

“बर्फाच्या यंत्राशेजारी.”

“माहीत आहे. माझाही इलाज नाही. लेबर डेच्या आधी आतून काहीतरी आण. नाही जमलं तर... भोपळ्याचा हंगाम येतोच आहे.”

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी लेबर डेपूर्वीचा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीपूर्वीचा, घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना होता. भोपळा आणि डोलोरेस यांच्यामध्ये तेवढी एकच दुपार उरली होती.

त्या दुपारी मैदान भरले, त्याचे कारण क्लाइड टीझडेल. वय एकतीस, गुडघे पन्नाशीचे. कधीकाळी अकरा दिवस वरच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या लीगमध्ये खेळून आलेला; त्या अकरा दिवसांबद्दल तो अकरा वर्षे बोलत आला होता. पण या उन्हाळ्यात त्याने सलग एकोणतीस सामन्यांत किमान एक तरी फटका मारला होता आणि लीगचा विक्रम तीसचा होता. आज एक फटका बसला की बरोबरी. गेल्या पंचेचाळीस वर्षांत पोर्ट हॅव्हर्टीच्या वाट्याला टोमॅटोखेरीज काही आले नव्हते. त्यामुळे गावाने हा विक्रम आपल्याच घरचे कार्य मानले होते.

पहिल्या तीन वेळा क्लाइड रिकाम्या हाताने परतला. चौथी वेळ शेवटची. त्याने चेंडू जमिनीलगत, जोरात, तिसऱ्या तळाकडे मारला. तिथे पाहुण्यांचा एल्डन थॅकर नावाचा यूटाहचा तरुण उभा होता. चेंडू त्याच्यापाशी पोचला, काहीतरी झाले, चेंडू बाजूला गडगडला, आणि क्लाइड आपले पन्नाशीचे गुडघे ओढत पहिल्या तळावर पोचला.

चार हजार माणसे उभी राहिली. मग सगळ्यांनी मान वळवून वर, काचेच्या खोलीकडे पाहिले.

डोलोरेसने जे पाहिले होते ते मनात पुन्हा एकदा पाहिले. तो फटका असावा असे तिलाही वाटत होते. उद्याच्या बातमीसाठी तर फारच वाटत होते. पण चेंडू त्या तरुणाच्या हातमोज्यात गेला होता आणि बाहेर पडला होता. तिने बटण दाबले. गुणफलकावर ‘चूक’ लागली.

मग जो आवाज उठला त्याने सरोवरावरचे बगळे उडाले. क्लाइडने हेल्मेट जमिनीवर आपटले. एक पिकलेला टोमॅटो थेट काचेवर येऊन फुटला आणि तिच्या डोळ्यांसमोरून सावकाश खाली ओघळला. तिसऱ्या रांगेत तिची आई हेलेना बसली होती. तिने छत्रीच्या मुठीने टोमॅटो फेकणाऱ्याच्या पाठीत एक हाणली आणि मोठ्याने ऐकवले, “माझ्या मते पण फटकाच होता! पण फेकायचं काम नाही!”

सामना संपला तेव्हा साडेचार वाजले होते. साडेसहाला बातमी हवी होती. डोलोरेस बोळात आली आणि बर्फाच्या यंत्राशेजारी उभी राहिली. दाराशी पालथ्या बादलीवर बसून ऑगी टॉवेलांच्या घड्या करत होता. सत्तरीचा हा माणूस दोन्ही संघांचे टॉवेल धुई, बूट पुसे आणि दारही सांभाळी.

“डोली,” तो घडी न थांबवता म्हणाला, “आज तुला आत घ्यायचं म्हणतील.”

“कशाला?”

“तुझे तुकडे करायला. बाहेर केले तर फरशी मला पुसावी लागेल ना.”

दार धाडकन उघडले आणि हब ऑर्कट स्वतः बाहेर आला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. त्याने टोपी काढली, तीही पहिल्यांदाच. तिच्याखाली टक्कल होते, हा एक नवाच शोध लागला.

“डोलोरेसबाई,” तो म्हणाला.

“परवापर्यंत ‘ए पोरी’ होते मी.”

“प्रेमानं म्हणतो गं ते. हे बघा बाई, तो चेंडू उसळला. खड्याला लागून उडाला. तो फटका आहे.”

“तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं म्हणजे... त्याच वेळी नेमका थुंकत होतो. पण सगळे म्हणतात.”

“मी थुंकत नव्हते.”

ऑर्कटने तंबाखू या गालातून त्या गालात नेली. “निर्णय चोवीस तासांत बदलता येतो. नियम आहे.”

“आहे.”

“आणि शंका असली तर गुणलेखकानं खेळाडूला विचारावं. तोही नियम आहे.”

“तसा प्रघात आहे.”

“मग विचारा की त्या यूटाहच्या पोराला! चेंडू उसळला का, एवढं विचारा. तो नाही म्हणाला तर मी तोंड उघडणार नाही.”

“बोलवा त्याला.”

“तो कसला येतोय,” ऑगीने मध्येच तोंड घातले. “हात बर्फाच्या बादलीत आहे आणि अंगावर नुसता टॉवेल. अर्ध्या तासात त्यांची बस सुटेल.”

“मग बाई जातील आत,” ऑर्कट म्हणाला.

डोलोरेसने दारावरच्या कागदाकडे पाहिले. ऑर्कटनेही पाहिले. बर्फाच्या यंत्राने घसा खाकरला.

“शालीनतेचा प्रश्न आहे,” ती म्हणाली.

“अहो, आजच्या दिवस...”

“दोन्ही संघांच्या खोल्या, असं लिहिलंय. तुमची सही आहे. तुमच्या सहीचा मान मी नाही राखायचा तर कुणी राखायचा?”

ऑर्कटने कागद टराटरा ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर दाराचा थोडा रंगही आला.

“झालं?”

“नाही. याच्याच मागे लिहून द्या. डोलोरेस मातुशाक या मैदानाची गुणलेखिका असेपर्यंत तिला दोन्ही खोल्यांत इतर वार्ताहरांबरोबर, त्यांच्याच वेळी प्रवेश आहे.”

ऑर्कटने ऑगीच्या पाठीवर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. ऑगी वाकून उभा राहिला आणि गुदगुल्या होत असल्याची तक्रार करू लागला.

“आणखी एक ओळ,” डोलोरेस म्हणाली. “‘आजचा निर्णय काहीही लागला तरी.’”

इथे ऑर्कटने हसून घेतले आणि ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहिली. त्याचा हिशोब साधा होता. फटका ठरला तर विक्रम क्लाइडचा. आणि फटका ठरला तर थॅकरच्या कपाळीची चूकही पुसली जाणार. आपल्या कपाळावरची चूक पुसायला नको म्हणणारा क्षेत्ररक्षक बेसबॉलच्या इतिहासात जन्मलेला नाही. तरीही खबरदारी म्हणून त्याने पाहुण्यांच्या मॅनेजरला आधीच निरोप धाडला होता. साक्षीदार पढवलेला, दोन्ही पक्ष राजी. मग असल्या ओळीने काय बिघडते? चाळीस वर्षे या खेळात काढलेला माणूसच अशी चूक करू शकतो. नवख्याने आधी चार प्रश्न विचारले असते.

डोलोरेसने कागद घडी करून नेमणूकपत्राशेजारी ठेवला. पाहुण्यांच्या खोलीशी जाऊन तिने दार वाजवले आणि सांगितले, “वार्ताहर येते आहे. ज्यांना काही नेसायचं असेल त्यांनी नेसा.”

आत जो गोंधळ उडाला तो पाहण्यासारखा होता, पण तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. रस्त्यातल्या बाईला पाहून शीळ घालणारे बाप्ये आता एकमेकांच्या पाठीआड लपत होते. एक मिशाळ गोलंदाज आपल्या कपाटात शिरला आणि आतून दार ओढू लागला. पोट बाहेर राहिल्यामुळे ते लागेना. ज्या खोलीच्या पावित्र्यासाठी तीन महिने लढाई चालली होती तिच्यात ओल्या मोज्यांचा, मलमाचा आणि कांद्याचा वास होता. डोलोरेसला सेंट स्टॅनिस्लॉस चर्चच्या सहलीहून परतणारी बस आठवली.

एल्डन थॅकर कोपऱ्यात बाकावर बसला होता. डावा हात बर्फाच्या बादलीत. उजव्या हाताने कमरेचा टॉवेल धरलेला. दुसरा टॉवेल खांद्यांवर, शालीसारखा. वय बावीस. घरी सहा बहिणी असूनही परक्या बाईसमोर इतक्या कमी कपड्यांत तो प्रथमच बसला असावा, कारण त्याच्या कानांचा रंग गावच्या मालाशी मिळताजुळता झाला होता.

“चेंडू कसा आला, मिस्टर थॅकर?”

“उसळला, मॅम. खड्याला लागून उसळला,” त्याने पाढा म्हटल्यासारखे सांगितले. दारात ऑर्कटने मान डोलावली.

“उसळून कुठे लागला?”

हा प्रश्न पाढ्यात नव्हता. थॅकरने आपल्या मॅनेजरकडे पाहिले, मॅनेजरने छताकडे. “खांद्याला, मॅम.”

“मग वळ असेल. इतक्या जोराचा चेंडू हाडावर बसला तर शिवणीचे टाकेसुद्धा मोजता येतात. दाखवा, मी इथेच फटका लिहिते.”

“खांदा, मॅम?”

“खांदा.”

अडचण अशी होती की एक हात बर्फात, एक हात कमरेला, आणि खांद्यावरचा टॉवेल काढायला तिसरा हात हवा होता. थॅकरने परिस्थितीचा विचार केला. कमरेचा टॉवेल सोडणे अशक्य होते. त्याच्या सहाही बहिणी ते ऐकून घाबरल्या असत्या. अखेर त्याने डावा हात बादलीतून काढून कमरेवर नेला आणि मोकळ्या झालेल्या उजव्या हाताने शाल ओढली.

खांदा न्हाऊ घातलेल्या बाळासारखा स्वच्छ होता. दुसराही. आणि कमरेवरचा टॉवेल घट्ट धरून बसलेल्या डाव्या हाताच्या तळव्याचा मनगटाकडचा उंचवटा मात्र टोमॅटोएवढा सुजला होता.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. कपाटातला गोलंदाजसुद्धा वाकून पाहू लागला.

“मिस्टर थॅकर,” डोलोरेसने विचारले, “खांद्याला लागलं आणि बर्फ हाताला लावलात?”

त्या तरुणाने एकदा हाताकडे पाहिले. “मॅम, मला हे जमत नाही. आमच्या घरी कुणालाच जमत नाही. चेंडू सरळ आला होता. मी धावणाऱ्याकडे पाहिलं, चेंडूवरची नजर हटली. हातमोज्यात आला आणि गेला. चूक माझीच आहे.”

“फार दुखतंय?”

“हो, मॅम.”

“बादलीत घाला परत. निर्णय आहे तोच राहील.”

बोळात ऑर्कटने तिला गाठले. टोपी पुन्हा डोक्यावर आली होती आणि बाईची पुन्हा पोरगी झाली होती. “ए पोरी, तो कागद दे इकडे.”

“शेवटची ओळ वाचा.”

“मीच लिहिली आहे ती!”

“म्हणूनच म्हणते. मोठ्या अक्षरात आहे, चष्मा लागायचा नाही.”

ऑगीला टॉवेलात तोंड खुपसून खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

मग ती कॅनर्सच्या खोलीत शिरली. पावणेसहा वाजले होते. बातमी आत सगळ्यांना कळली होती. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी बादली उचलली नाही; तंगड्या चघळण्याचेही थांबले. क्लाइड टीझडेल एका पायात मोजा घालून बसला होता. दुसरा मोजा हातात होता आणि त्याचे काय करायचे असते हे तो विसरलेला दिसत होता. रेडिओवाला त्याच्यापासून चार हात दूर उभा होता. कुणी जवळ जायला धजत नव्हते. डोलोरेस जाऊन समोरच्या बाकावर बसली आणि तिने वही उघडली.

“काय वाटतं, मिस्टर टीझडेल?”

क्लाइडला काय वाटते ते त्याने दीड मिनिट न थांबता सांगितले. त्यात तिच्या निर्णयाचा, दृष्टीचा, पूर्वजांचा आणि गाढवाचा उल्लेख होता. डोलोरेसने सगळे उतरवून घेतले.

“एक शंका आहे,” ती म्हणाली. “तिसऱ्या वाक्यातला शब्द निर्णयाला लावायचा की मला?”

क्लाइडने तिच्याकडे पाहिले. “दोघांनाही.”

“बरं.” तिने दुरुस्ती केली.

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसले. क्लाइड मात्र हसला नाही. मोजा गुंडाळत तो खालच्या आवाजात म्हणाला, “पोरगा कबूल झाला म्हणे.”

“झाला.”

“मला ठाऊक होतं. पळताना मागे बघत नाही कुणी, पण आवाज येतो. चेंडू अंगावर बसला की धप्प होतं. मला चामड्याचा आवाज आला. हातमोज्यात गेल्याचा. वाटलं, गेलो. मग बघतो तर मी तळावर उभा.” त्याने मोजा पायात चढवला. “फलकाकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं. लोक ओरडले म्हणून हेल्मेट आपटलं. चार हजार माणसं ओरडतायत आणि आपण नुसतं उभं राहायचं, बरं दिसत नाही.”

डोलोरेसची पेन्सिल थांबली. “हे छापू?”

“छाप.” त्याने विचार केला. “आधीचंही छाप. नाहीतर लोक म्हणतील, टीझडेल मऊ पडला.”

साडेसहाला सहा मिनिटे असताना तिने फोनवरून बातमी वाचून दाखवली. तिकडून लायल ब्रँट मध्येमध्ये ‘देवा’ एवढेच म्हणत होता. शेवटी त्याने विचारले, “हे सगळं तो खरंच म्हणाला? तू रचलं नाहीस ना, एमेटसारखं?”

“एमेटच्या बातमीत तो शुद्ध बोलला असता.”

लायल म्हणाला, “भोपळ्याचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो.”

सोमवारी सकाळी तो मजकूर पहिल्या पानावर आला. क्लाइडने ऐकलेला चामड्याचा आवाज जसाच्या तसा होता. रेडिओवाल्यालाही तो आवाज ‘क्लॅरियन’मधूनच वाचून दाखवावा लागला, कारण चार हात दूर उभे राहून त्याला तो ऐकू गेला नव्हता. आधीच्या दीड मिनिटाची मात्र संपादकीय इस्त्री झाली होती आणि शिव्यांच्या जागी नुसत्या रेघा होत्या, एकूण सतरा.

डोलोरेस न्याहारीला बसली तेव्हा हेलेना चष्मा लावून, वडिलांची जुनी पेन्सिल हातात घेऊन अंकावर वाकली होती. कारखान्यात तिने एकतीस वर्षे टोमॅटो निवडले होते, आणि निवडणाऱ्या बायकांची भाषा गावात नावाजलेली होती.

“आई, काय करतेस?”

“रिकाम्या जागा भरते. तो फटकाच होता, पण ते राहू दे. हे बघ, इथे काय म्हणाला असेल?”

डोलोरेसने वाकून पाहिले. आईने सतरापैकी चौदा रेघा अचूक भरल्या होत्या. पंधराव्या रेघेवर लिहिलेला शब्द क्लाइडने वापरला नव्हता. पण त्याच्यापेक्षा तो सरस होता, हे तिला मान्य करावे लागले.